काकू, मिक्सर नेऊ का?

सुट्टीला सांगलीला आले की तिसऱ्या दिवशी विश्रामबागच्या घरी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. कुणाचा मुलगा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून पुढं शिकायला अमेरिकेला निघालेला असतो, कुणाची साताऱ्याची सून नवऱ्याकडं चाललेली असते. बॅगेत कांदा-लसूण मसाला, भडंग, बेदाणे आणि मधोमध आईनं जुन्या साडीत गुंडाळलेला 750 वॉटचा मिक्सर. न्यू जर्सीत मला 19 वर्षं झाली, त्यामुळं उत्तर जरा लांबतं.

आपल्याकडं भिंतीत 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तनं), तिकडं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. मारुती रोडवर मिळणारा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट नाही. लॅपटॉपच्या आणि मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100-240 लिहिलेलं असतं, त्यांना तेवढा अडॅप्टर पुरतो. मिक्सर पालथा करून पट्टी वाचा. तिथं 230 असेल तर नुसत्या पिनांवर तो रडत फिरेल, दाणे भरले की अडेल आणि तापेल. पाणी तापवायची कांडी तर नेऊच नका. निम्म्या व्होल्टवर तिची उष्णता जेमतेम पाव भाग उरते.

मिक्सर न्यायचाच असेल तर 120 चे 230 करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. तिकडच्या दुकानातला हलका, स्वस्त ट्रॅव्हल कन्व्हर्टर उचलू नका. तो अमेरिकन लोकांनी परदेशी जाताना न्यायचा, 230 खाली उतरवणारा. आपलं काम नेमकं उलटं. शिवाय ट्रान्सफॉर्मर इथून विकत घेऊन नेऊ नका. आत लोखंड आणि तांबं, विटेसारखा जड. 23 किलोची बॅग त्यातच संपायची. तिकडं गेल्यावर घ्या.

केवढा घ्यायचा? इथं मी स्वतः शहाणपणा केला होता. पैसे वाचवायला 500 वॉटचा आणला. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, हे ठाऊक नव्हतं. शेंगदाण्याची चटणी अर्धी झाली आणि फ्यूज उडाला. मग सांगलीची सवय! फ्यूजवर तार गुंडाळली. चटणी झाली खरी, पण तोवर ट्रान्सफॉर्मरच्या आतली वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळाली, व्हार्निशचा वास सुटला, स्मोक अलार्म बोंबलू लागला आणि अख्खी बिल्डिंग खाली अंगणात, ती पण जानेवारीत. तेव्हा 750 च्या मिक्सरला निदान 1500 वॉटचा, 2000 चा असेल तर उत्तम. फ्यूज उडालाच तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला.

लावायची रीत सोपी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मागं 110/220 असं बटण असतं (110 म्हणजे तिकडचे 120, 220 म्हणजे आपले 230), ते 110 वर असल्याची खात्री करा. ट्रान्सफॉर्मरची पिन सरळ भिंतीत घाला, बारक्या एक्स्टेन्शन वायरीत नाही. तिकडं सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं, म्हणून चालू-बंद ट्रान्सफॉर्मरवरच करायचं. मिक्सर शून्यावर ठेवून आधी ट्रान्सफॉर्मर चालू करा, मग एक, मग दोन. बारीक गुणगुण येणारच, तिला घाबरू नका. वास आला किंवा हात ठेववत नाही इतका तापला तर पिन काढा. काम झालं की बंद करा, नुसता चालू राहिला तरी वीज खातो.

मध्येच सगळं थंड पडलं तर मिक्सर मेला म्हणून आईला रात्री फोन करू नका. आधी मिक्सरच्या तळाचं लाल ओव्हरलोड बटण, थोडं थांबून दाबा. मग ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज. मग सिंकजवळच्या सॉकेटवरचं रीसेटचं बारकं बटण, नवी माणसं तेच विसरतात. शेवटी कपाटाआडच्या पॅनेलमधला ब्रेकर. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह चालू असेल तर तो हमखास पडतो.

कुणी म्हणेल, कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटला 240 येतात, तिथं लावू. नका लावू. ती लाईन 30 अँपिअरची, तुमच्या मिक्सरच्या वायरीसाठी नाही.

टेबलावरच्या इडलीच्या ग्राइंडरचं वेगळं. त्याची मोटर इंडक्शनची, म्हणजे बिनब्रशची, तिचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून 60 हर्ट्झवर पाचव्या हिश्शानं जास्त वेगानं फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिक्सरच्या कार्बन ब्रशच्या मोटरला त्याचं काही वाटत नाही.

खरं विचाराल तर मी आता 110 व्होल्टचाच मिक्सर वापरते. तिकडच्या भारतीय दुकानांत आपल्याच कंपन्यांचे मिळतात. जुना ट्रान्सफॉर्मर नव्या पोरांना फिरतीवर देते. तो कुणी सांगलीला आणलाच, तर मागचं बटण 220 वर केल्याशिवाय भिंतीत घालू नका. 110 वर राहिलं तर दुसऱ्या बाजूनं साडेचारशेच्या आसपास व्होल्ट बाहेर पडतील.