अपघाती अपंगत्वाचा विमा क्लेम नाकारला? आधी पत्र वाचा, मग वकील गाठा

दोन वर्षांपूर्वी वैरण कापताना आमच्या दाजींचा डावा हात कडबाकुट्टीत गेला. चार बोटं गेली, अंगठा तेवढा वाचला. मिरजेत दोन ऑपरेशनं झाली. ट्रॅक्टरच्या कर्जाबरोबर त्यांचा खासगी कंपनीचा अपघात विमाही उतरवलाय, हे तासगावकडच्या त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताई पासबुक भरून घ्यायला गेली, हप्ता कापल्याची एक ओळ दिसली, तेव्हा कळलं. क्लेम केला. तीन महिन्यांनी पाकीट आलं. एका हातानं फाटेना म्हणून दाजींनी ते दातात धरून फोडलं. आत इंग्रजीत चार ओळी: अपघाताची सूचना उशिरा दिली, सबब दावा नामंजूर. दाजींनी कागदाची घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिली, जणू विषय संपला.

विषय संपला नव्हता. त्यानंतर कुपवाड एमआयडीसीतल्या प्रेस ऑपरेटरांची, मार्केट यार्डातल्या हमालांची अशी बरीच पत्रं मी वाचली. नकार आला की माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर पत्र हातात न घेताच वकिलाकडे धावतात. दोन्हींत नुकसान आहे, कारण दाद मागायची दारं कोणत्या क्रमानं ठोठावायची यावर पुढचं बरंच ठरतं.

पत्र आणि पाकीट जपून ठेवा

पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का टाकून देऊ नका, मुदती तिथून मोजल्या जातात. पत्रात नकाराचं कारण आणि पॉलिसीचं कोणतं कलम दाखवलंय ते शोधा. कलम नसेल तर लेखी विचारा. कोणत्या अटीखाली क्लेम नाकारला हे सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. इंग्रजी येत नसेल तर ओळखीच्या मास्तरांकडून शब्दन् शब्द मराठीत लिहून घ्या. पत्रात न दिलेलं नवं कारण कंपनीला नंतर कोर्टात पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या एका निकालातही सांगितलंय. म्हणून तुमची लढाई त्या चार ओळींशीच आहे.

पूर्ण पॉलिसी मागवा

बँकेतून किंवा कारखान्यातून विमा उतरवला असेल तर हातात एकच पानी सर्टिफिकेट असतं. ती पॉलिसी नव्हे. समूह विम्याची मास्टर पॉलिसी बँकेकडे किंवा मालकाकडे असते. तिची अटींसह प्रत कंपनी आणि बँक दोघांकडे लेखी मागा. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती ठेवा, ईमेलही करा. फोनवर झालेलं बोलणं उद्या कुणी कबूल करत नाही.

पॉलिसीत एक तक्ता असतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावरची किंवा यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि तक्त्यातली वेगळी. बऱ्याच पॉलिसींत एका हाताची चारही बोटं गेली तर विमा रकमेच्या ३५ टक्के, पूर्ण अंगठा गेला तर २५ टक्के असं लिहिलेलं असतं. कंपनीनुसार आकडे बदलतात. आपलं प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं, मग ४५ टक्के रक्कम मिळेल, असं धरून चालू नका. अवयव शाबूत आहे पण काम देत नाही, अशा वेळी कंपनी हमखास अडून बसते. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडून आकड्याबरोबर वाक्यंही लिहून घ्या: मूठ मिटत नाही, खुरपं धरता येत नाही, सुधारणा होण्याची शक्यता नाही. अपघातापासून १२ महिन्यांच्या आत आलेलंच अपंगत्व धरायचं, ही अटही अनेक पॉलिसींत असते. म्हणून तपासणीच्या तारखा सांभाळा.

दवाखान्याचे कागद

डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. पहिल्या दिवशीचा केस पेपर, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे आणि एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद, झाली असेल तर तिची प्रत घ्या. गडबडीत कुणीतरी ‘दारूचा वास’ असं लिहून ठेवतं आणि रक्ततपासणी झालेली नसते. तेवढ्या शब्दांवर क्लेम अडतो. अपवादाचं कलम, म्हणजे कोणत्या प्रसंगी पैसे मिळणार नाहीत ते सांगणारं, लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, तुमची नाही.

आधी कंपनीकडेच तक्रार

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. रागाचा मजकूर नको. तारीख, घटना, कागद, मागणी एवढंच. सूचना उशिरा दिल्याचं कारण असेल तर विमा नियामकाच्या २०११ च्या परिपत्रकाचा उल्लेख जरूर करा: उशिराचं खरं कारण असलेला प्रामाणिक क्लेम केवळ उशिरावर यांत्रिकपणे नाकारू नये, असं त्यात म्हटलंय. दाजींच्या पत्राला आम्ही दोन्ही ऑपरेशनच्या तारखा आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. हीच तक्रार विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री नंबरवरही नोंदवता येते.

लोकपाल आधी, आयोग नंतर

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी कोर्टाबाहेर ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. सातारा-सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय आहे, नारायण पेठेत. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवरही होते. फी नाही. इथे वकील चालत नाही, तुम्हालाच बोलायचं असतं. मागणीची मर्यादा ५० लाखांची. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून, किंवा उत्तरच नसेल तर महिना संपल्यापासून, एका वर्षात अर्ज गेला पाहिजे. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिनं तो ३० दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. उलट क्रम मात्र चालत नाही. आयोगात केस टाकलीत की लोकपाल तुमची तक्रार घेत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात नकारापासून दोन वर्षांत जावं लागतं. लोकपालाकडे चाललंय म्हणून ही मुदत विसरू नका. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी. भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होतो.

वकील, आणि तोही मोफत

हे ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांनाही तोच हक्क आहे. सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत. आधार, दिव्यांग प्रमाणपत्र, नकाराचं पत्र आणि एक साधा अर्ज सोबत न्या. फोनसाठी १५१०० हा नंबर आहे. वकिलाची फी आणि कोर्टाचा खर्च तुम्हाला पडत नाही. लोकपालाकडे वकील चालत नसला तरी अर्जाचा मसुदा तपासून घ्यायला हा सल्ला उपयोगी पडतो.

पदरचा वकील करणार असाल तर फी आधी लिहून घ्या. ‘आलेल्या रकमेतला अमुक टक्का द्या’ असा सौदा करायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. हॉस्पिटलच्या दारात ‘क्लेम काढून देतो’ म्हणत फिरणारे तर वकीलही नसतात. मूळ कागद अशा कुणाच्याही हाती देऊ नका.

दाजींच्या सुनावणीला ताईचा मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला होता. विमा आहे हे कधी कळलं, एवढंच त्यांना विचारलं गेलं. ताईनं पासबुक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. निकाल दाजींच्या बाजूनं लागला, पैसे बँकेत आले.