सरकारी रोकड सांभाळताना या चुका टाळा

मराठवाड्यातील ग्रामपंचायतींची दप्तरे तपासण्यात माझी नोकरी सरली. माणसे बदलली, पण आक्षेप तेच राहिले.

सर्वांत घातक चूक म्हणजे वसुलीची रक्कम ‘दोन दिवस’ स्वतःजवळ ठेवणे. एका गावात नमुना १० च्या, म्हणजे कर व फी वसुलीच्या, पावत्यांची बेरीज रोकड वहीशी जुळेना. १८,४०० रुपये कमी होते. ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, “साहेब, पैसे कुठं पळून चाललेत? घरात दवाखाना निघाला, पुढच्या आठवड्यात भरतो.” त्यांनी ते भरलेही, मात्र एकेचाळीस दिवसांनी, आणि तोवर माझा आक्षेप नोंदवून झाला होता. रक्कम परत केली की प्रकरण मिटते, हा समज कोणी पसरवला कोण जाणे. काही काळापुरता केलेला अप्रामाणिक वापर हाही अपहारच ठरतो, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चे स्पष्टीकरण सांगते. लोकसेवकाने केलेल्या विश्वासघातासाठी कलम ३१६(५) मध्ये जन्मठेपेची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची, शिवाय दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेचे कलम ४०९ लागू होते. त्या गृहस्थांची नियत वाईट होती असे मला आजही वाटत नाही, पण ते सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. मी स्वतः कार्यालयाची रोकड आणि खिशातले पैसे कधी एका पाकिटातही ठेवले नाहीत. सहकारी हसत, हसोत बापडे.

दुसरी चूक कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याची. ग्रामनिधीच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतात त्या एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. सरपंच लग्नाला जाणार म्हणून पाच धनादेश आधीच सही करून देणे म्हणजे तो पहाराच उठवणे होय. “मला माहीत नव्हते” हे उत्तर तेथे टिकत नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलांना तर प्रत्येक नियम म्हणजे अडथळा वाटतो, आणि आडवाट दाखवणारा वरिष्ठ चौकशीच्या दिवशी नेमका रजेवर असतो.

रोकड वहीत खाडाखोड नको. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी सही करावी.

प्रभार घेताना रोकड, पावती पुस्तके आणि न वापरलेले धनादेश मोजल्याशिवाय यादीवर सही करू नये. सेवानिवृत्तीनंतर सुटका होते असेही नाही: महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ नुसार सेवेतील गंभीर गैरवर्तन वा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास शासनाचे नुकसान निवृत्तिवेतनातूनही वसूल होऊ शकते.