ॲनिमेशनपटाचा निर्माता व्हायचंय? आधी सेकंदी खर्च काढा

कपाशीचा एकरी खर्च काढल्याशिवाय कोणी पेरणीला लागत नाही. ॲनिमेशनपटाचा हिशेब तसाच, फक्त तो सेकंदावर निघतो. निर्मात्याला चित्र काढता आलंच पाहिजे असं नाही; पण एक सेकंद कशानं महाग होतो, हे त्याला तोंडपाठ हवं.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हातानं काढताना बहुतेकदा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटांची फिल्म म्हणजे २,१६० चित्रं. नवख्या हातून दिवसाला दोन सेकंदांचं कच्चं काम झालं तरी पुष्कळ. एकट्याचे ९० दिवस इथंच गेले. सफाई आणि रंग वेगळे. पहिली फिल्म एका मिनिटाचीच धरा.

खर्च खरा वाचतो तो स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे शॉटवार काढलेल्या कच्च्या चित्रांच्या आराखड्यात. समजा, बंडी वावरात चालली आहे. बाजूनं दाखवली तर दोन बैलांचे आठ पाय चालवावे लागतात, आणि बैलाची चाल चुकली की आपल्याकडचं शेंबडं पोरही हसतं. तोच शॉट धुरकऱ्याच्या पाठीमागून घ्या: दोन वशिंडं, शिंगं, डुलणारं जू, दोन्ही बाजूंनी मागं सरकणारी पऱ्हाटी. पाय दिसतच नाहीत. बंडी तेवढीच चालते, काम निम्म्याहून कमी.

मग ॲनिमॅटिक. स्टोरीबोर्डची चित्रं मोबाइलवर बोललेल्या कच्च्या संवादांवर वेळेनुसार बसवा आणि गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा. त्यांची नजर जिथं ढळते, तिथं कात्री लावा. इथं दहा सेकंद कापले तर १२० चित्रं वाचतात. रंग भरल्यावर कापले तर त्यांची मजुरी बुडाली. ॲनिमॅटिक पक्कं होईस्तोवर ॲनिमेटरला ॲडव्हान्स देऊ नका.

ओठ आवाजावर हलवायचे असतात, म्हणून पक्के संवाद ॲनिमेशनच्या आधीच रेकॉर्ड करा. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटकांतले कलाकार यासाठी उत्तम. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते, तेव्हा माइक हातभर लांब ठेवा. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो आणि तारखा मिळत नाहीत. उन्हाळ्यात मिळतात, पण रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागतो! पहाटे पाच ते सात उरकून घ्या. भिंतींना गोधड्या टांगल्या की खोली घुमत नाही.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर रेंडरचा, म्हणजे संगणकानं एकेक फ्रेम तयार करून देण्याचा, हिशेब वेगळा करा. एका फ्रेमला ५ मिनिटं धरली तर मिनिटभराच्या १,४४० फ्रेमना १२० तास, म्हणजे सलग पाच दिवस. तेवढ्यात लाइन जाणारच. थेट व्हिडिओ फाइल काढत असाल तर केलेलं सगळं वाया जातं. पीएनजी चित्रांची मालिका काढा आणि ‘ओव्हरराइट’चा पर्याय बंद ठेवा, लाइन आली की रेंडर अडलं तिथून पुढं सुरू होतं. एक मेख आहे: लाइन गेली त्या क्षणीची फ्रेम कधीकधी अर्धवट लिहिली जाते. फाइल आहे म्हणून ब्लेंडर ती वगळतो आणि फिल्ममध्ये काळा झटका बसतो. शेवटची फाइल आधी पुसा, मगच चालू करा. मे महिन्यात रेंडर रात्रीच लावा. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो.

धंदा शिकायला एखाद्या स्टुडिओत प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटरची दोन वर्षं नोकरी करावी, असं आमचं मत. कुठला शॉट कुणाकडं अडला, याची यादी रोज लिहिण्याचं ते काम. निर्मात्याचं रोजचं कामही बरंचसं तेच. फिल्म झाली की मुंबईतला मिफ महोत्सव पाहा. तो माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचाच आहे.

कागद मात्र पहिल्या दिवशी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. पण बाहेरच्या चित्रकारानं घडवलेलं पात्र किंवा कुणी लिहिलेलं गाणं आपोआप तुमचं झालं, असं धरू नका; हक्क लेखी घ्यावे लागतात. त्या करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचे मानले जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. दोन्ही ओळी लिहून घ्या, सही घ्या, मगच पैसे द्या.