ओपन सोर्सवर व्यवसायाची सिस्टीम उभारताय? या चुका टाळा

ऑर्डर, बिलिंग, स्टॉक, पेमेंट अशा वेगवेगळ्या सर्व्हिसेस जोडून व्यवसायाची सिस्टीम उभी करायला लागणारं जवळपास सगळं आज ओपन सोर्समध्ये मिळतं. डेटाबेसला पोस्टग्रेस, मेसेजसाठी काफ्का किंवा रॅबिटएमक्यू, लॉगिनला कीक्लोक. सगळी कसदार सॉफ्टवेअर्स. तरीही प्रकल्प अडतात, आणि कारण शोधत गेलं की ते बहुधा दोन सर्व्हिसेसच्या सांध्यात सापडतं. हा सांधा कुठल्याही पॅकेजमध्ये तयार मिळत नाही.

सुरुवातीलाच खूप तुकडे करणं

व्यवसायाचे नियमच अजून ठरायचे असतात आणि आपण दहा सर्व्हिसेस करून बसतो. साधा हिशेब करा. एक विनंती दहा सर्व्हिसेसमधून जात असेल आणि प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी ९९ टक्केच वेळ चालते. म्हणजे महिन्याला ४३ मिनिटांच्या जागी सात तासांहून जास्त बंद. आधी दोन-तीन मोठे भाग करा. कुठला भाग वेगळ्या गतीने बदलतोय हे दिसलं की मगच तो सुटा करा.

याचीच जोडचूक म्हणजे सर्व्हिसेस वेगळ्या, पण टेबल सगळ्यांचं एकच. बिलिंगवाल्यांनी कॉलमचं नाव बदललं की स्टॉक बंद पडतो. एका टेबलाचा मालक एकच हवा, बाकीच्यांनी एपीआयमधूनच (त्या सर्व्हिसने दिलेल्या ठरलेल्या दारातून) मागावं.

टाइमआउट न लावणं

पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आपण सांगितल्याशिवाय टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची कमाल मुदत, लावत नाही. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर ती थांबूनच राहते. लक्षण ओळखून ठेवा: सीपीयू निवांत, लॉगमध्ये एरर नाही, पण विनंत्या लटकलेल्या. अशा वेळी रीस्टार्टची घाई करू नका. आधी थ्रेड डंप (प्रोग्रॅमचा प्रत्येक धागा या क्षणी काय करतोय याची नोंद) घ्या, सगळे थ्रेड कोणत्या कॉलवर अडकलेत ते लगेच कळतं.

एकच मेसेज दोनदा येऊ शकतो, हे विसरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काफ्काचा जावा कन्झ्युमर (मेसेज वाचणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये एका वेळी ५०० पर्यंत मेसेज उचलतो आणि पुढची उचल ५ मिनिटांच्या आत व्हावी लागते. आता प्रत्येक मेसेजसाठी पेमेंटचा एक कॉल जातो आणि त्याला एक सेकंद लागतो असं धरा. ५०० सेकंद झाले, मुदत होती ३०० ची. ग्रुप (काम वाटून घेणाऱ्या कन्झ्युमर्सचा गट) त्या कन्झ्युमरला बाद ठरवतो, त्याचं काम दुसऱ्याकडे जातं, आणि तो शेवटच्या कमिट झालेल्या ऑफसेटपासून (कुठपर्यंत वाचलं त्या खुणेपासून) तेच मेसेज पुन्हा वाचतो. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. वर लॅग (वाचायच्या राहिलेल्या मेसेजचा साठा) कमी होत नाही म्हणून लोक आणखी कन्झ्युमर लावतात, त्याने कामाच्या वाटण्या पुन्हा पुन्हा होतात आणि गोंधळ वाढतो.

तातडीचा उपाय म्हणजे एका उचलीतले मेसेज कमी करणं. पण खरी दुरुस्ती वेगळी आहे. प्रत्येक व्यवहाराला कायमचा क्रमांक द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लावा आणि पेमेंटच्या कॉलमध्येही तोच क्रमांक आयडेम्पोटन्सी की (ही तीच विनंती आहे हे ओळखायची खूण) म्हणून पाठवा. मग मेसेज दहादा आला तरी पैसे एकदाच कापले जातील.

याच घरातली दुसरी गफलत: आधी डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहायची, मग काफ्काला मेसेज टाकायचा. मधल्या क्षणी प्रोसेस मेली तर ऑर्डर आहे, पण कुणाला पत्ता नाही. ऑर्डर आणि मेसेज दोन्ही डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. मेसेजसाठी आउटबॉक्स (पाठवायच्या मेसेजचं) टेबल ठेवा. तिथून तो काफ्कात पोचवायचं काम डेबेझियम (डेटाबेसमधले बदल टिपून पुढे पाठवणारं साधन) नीट करतं.

कनेक्शन्सची बेरीज न करणं

पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची. हिकारीसीपी या जावा लायब्ररीचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) मुळात १० चा. सर्व्हिसचे बारा इन्स्टन्स (चालू प्रती) चालू केले की बेरीज १२० वर जाते. चाचणीत हे दिसत नाही, कारण तिथे दोनच इन्स्टन्स असतात. मर्यादा आंधळेपणाने वाढवण्यापेक्षा पूल लहान करा किंवा मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन्स सगळ्यांत वाटून देणारं साधन) ठेवा.

फुकट आहे म्हणून नोंद न ठेवणं

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची गंभीर त्रुटी बाहेर आली, तेव्हा पॅच लावण्याआधीच अनेक टीम एका प्रश्नावर अडकल्या: ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे? प्रत्येक बिल्डबरोबर अवलंबित्वांची (वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररींची) यादी आपोआप तयार होऊ द्या. त्यात लायसन्सही असू द्या, कारण तेही बदलतं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरने लायसन्स बदललं आणि त्यातून वाल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) निघाला. व्हर्जन वाढवताना लायसन्सची फाईल उघडून वाचणं, हे कुणा एकाच्या नावावर ठेवलेलं काम हवं.

ट्रेस आयडी नंतर बघू म्हणणं

‘ऑर्डर अडकली’ अशी तक्रार आली की पाच टीम आपापले लॉग चाळतात आणि प्रत्येकजण ‘आमच्याकडे ठीक आहे’ म्हणतो. पहिल्या दिवसापासून ओपनटेलिमेट्री (विनंतीचा सर्व्हिसेसमधला प्रवास नोंदवणारं साधन) लावा. ट्रेस आयडी, म्हणजे त्या विनंतीसोबत सगळीकडे जाणारा ओळख क्रमांक, एचटीटीपी हेडरमधून तर जायलाच हवा, पण काफ्काच्या मेसेज हेडरमधूनही. माग बहुतेकदा तिथेच तुटतो. आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली आहेत ना, ते तपासा. नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं लॉगमध्ये दिसतं आणि अर्धा दिवस चुकीच्या सर्व्हिसमध्ये जातो.