जीव्हायझर लावताय? मग या चुका टाळा

जीव्हायझर हा कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवर वेगळे ठेवलेले प्रोग्राम, बंदिस्त करणारा सँडबॉक्स; तो चालवणारा प्रोग्राम म्हणजे रनएससी. महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतो: "अरे, रनएससी टाकलं आणि सगळंच बंद पडलं." माझी उत्तरंही ठरलेली. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट. जीव्हायझर म्हणजे डॉकरवर (कंटेनर चालवणाऱ्या साधनावर) चढवलेलं कव्हर नव्हे. गूगलने मे 2018 मध्ये खुलं केलेलं, गो भाषेत लिहिलेलं ते एक वेगळं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे. साध्या कंटेनरमधल्या प्रोग्रामचा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) थेट होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, लिनक्सकडे जातो. इथे जीव्हायझरची 'सेंट्री' तो मध्येच अडवते आणि स्वतः उत्तर देते. फायलींचा दरवाजा 'गोफर' सांभाळतो, आणि नेटवर्कसाठी 'नेटस्टॅक' हा स्वतंत्र टीसीपी-आयपी आहे. हे दहा मिनिटं बसून वाचायचा कंटाळा केला की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

सँडबॉक्समध्ये आहोत असं समजून चालणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. एका ठिकाणी विद्यार्थ्यांनी पाठवलेला कोड चालवून गुण देणारी यंत्रणा होती. कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) रनटाइमक्लास, म्हणजे कंटेनर कशावर चालवायचा ते सांगणारी नोंद, बनवला, त्यात हँडलर म्हणून रनएससी लिहिलं, वेब सर्व्हिसच्या डिप्लॉयमेंटमध्ये (सतत चालणाऱ्या सेवेच्या व्याख्येत) रनटाइमक्लासनेमची ओळ घातली. वर कळवलं, परका कोड आता बंदिस्त. तीन महिन्यांनी मला बोलावलं ते तक्रार घेऊन: "जीव्हायझरमुळे जॉब फार हळू चालतात, काहीतरी करा."

मी चालू जॉबमध्ये (एकदा चालून संपणाऱ्या कामात) शिरून 'यूनेम' (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) मारलं. समोर 5.15 आणि त्यामागे उबंटूचं लांबलचक शेपूट. जीव्हायझर तेव्हा स्वतःला 4.4.0 म्हणवायचं. म्हणजे मी होस्टच्या कर्नलवर उभा होतो! विद्यार्थ्यांचा कोड डिप्लॉयमेंटमध्ये चालतच नव्हता. तो चालायचा जॉबमध्ये, ते जॉब बनायचे पायथनमधल्या एका टेम्प्लेटवरून, आणि त्या टेम्प्लेटमध्ये ती एक ओळ नव्हती. तीन महिने वाटेल त्याचा कोड रनसीवर (डॉकरच्या नेहमीच्या रनटाइमवर), होस्टच्या कर्नलला टेकून चालला होता. आणि जॉब हळू का? दर वेळी इमेज नव्याने ओढली जात होती. जे लावलंच नव्हतं त्याच्या नावाने शिमगा चालला होता.

तेव्हापासून माझी सवय: कुठेही गेलो की आधी कंटेनरच्या आत 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चालवतो. पहिलीच ओळ 'स्टार्टिंग जीव्हायझर' अशी दिसली पाहिजे. त्याखाली लेखकांनी केलेले विनोद येतात, कुठे इनिट राक्षसाला खाऊ घालणं, कुठे स्पॅगेटी कोड फोर्क करणं. ते दिसले की मी चहा घ्यायला मोकळा. शिवाय त्या नेमस्पेसमध्ये रनटाइमक्लासनेम नसलेला पॉड (कुबरनेटीसमधला कंटेनरांचा गट) आतच येऊ नये, असा नियम अ‍ॅडमिशनला, म्हणजे कुबरनेटीसच्या प्रवेश-तपासणीला, लावून टाकतो. माणसांच्या आठवणीवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

"डेटाबेसचं नाव सापडत नाही"

हा दुसरा लाडका प्रश्न. डॉकरमध्ये स्वतःचं ब्रिज नेटवर्क बनवलं, दोन कंटेनर टाकले, रनसीवर एकमेकांना नावाने ओळखतात, रनएससीवर नाही. एक मित्र यात दोन रात्री जागला. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बदलून पाहिला, इमेज बदलून पाहिली, शेवटी मशीनच बदललं.

डीएनएसचा पत्ता लिहिलेली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उघडली असती तर 127.0.0.11 हा पत्ता दिसला असता. तो डॉकरच्या अंगभूत डीएनएसचा. तिथे निघालेला प्रश्न डॉकरपर्यंत पोचावा म्हणून डॉकर त्या कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (वेगळ्या नेटवर्क-कप्प्यात) आयपीटेबल्सचे, म्हणजे पॅकेट वळवण्याचे, नियम घालतं, पण ते नियम होस्टच्या कर्नलमधले. नेटस्टॅकचा लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा पत्ता) त्याचा स्वतःचा. पॅकेट तिथेच फिरून संपतं, होस्टच्या नियमांशी त्याची गाठच पडत नाही.

यावर घाईतला माणूस लगेच रनएससीला 'नेटवर्क होस्ट'चा पर्याय देतो. चालतं, नाही असं नाही. पण मग नेटस्टॅक बाजूला पडतो, नेटवर्कचं काम होस्टच्या कर्नलकडे जातं आणि सेंट्रीला होस्टकडे मागता येणाऱ्या कॉल्सची यादी वाढते. ज्या भिंतीसाठी एवढा खटाटोप केला, तिलाच खिडकी पाडायची? मी दोन-चार कंटेनर असतील तर 'अ‍ॅड-होस्ट'ने नाव-पत्ता सरळ लिहून देतो. जास्त असतील तर कुबरनेटीसवर जातो, तिथे डीएनएसला क्लस्टरचा खराखुरा पत्ता असतो. होस्टचे नॅट (पत्ते बदलण्याचे) नियम आत उतरवणारा एक प्रायोगिक पर्यायही रनएससीत आहे. तो मी घरी खेळायला वापरतो, कामावर नाही.

बाकीच्या, पटापट

रनएससीची फाइल रूटच्या मालकीची ठेवून इतरांचं वाचण्या-चालवण्याचं परवानापत्र काढून घेणं. मग 'परमिशन डिनाइड' येतं आणि लोक एसईलिनक्सला (लिनक्सच्या सुरक्षा-नियमांना) शिव्या घालतात.

क्लाउडमधल्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) केव्हीएम प्लॅटफॉर्म लावणं. प्लॅटफॉर्म म्हणजे सिस्टिम कॉल अडवायची पद्धत; केव्हीएम, सिस्ट्रॅप आणि पीट्रेस हे तिचे प्रकार. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमध्ये (व्हीएमच्या आत व्हीएम) केव्हीएम रडतो. केव्हीएम खऱ्या लोखंडावर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, व्हीएममध्ये सिस्ट्रॅप. 2023 पासून सिस्ट्रॅप आपोआपच लागतो, त्यामुळे पीट्रेस लावा म्हणणारं जुनं ट्यूटोरियल सरळ बंद करा.

'डॉकर सीपी' या कॉपीच्या कमांडने चालू कंटेनरमध्ये फाइल टाकली आणि ती दिसेना. वेगासाठी रूट फाइलसिस्टिमची यादी आत कॅश होते. त्याच फोल्डरमध्ये आतून एक फाइल बनवा, मग यादी ताजी होते. सतत फायली टाकायच्या असतील तर बाइंड माउंट (होस्टचं फोल्डर आत जोडणं) वापरा, सीपीची सवय सोडा.

डॉकरचं सॉकेट (त्याला हुकूम द्यायची वाट) आत माउंट करणं, ते चालेना म्हणून होस्ट-यूडीएस (होस्टची सॉकेट आतून वापरू देणारा पर्याय) पूर्ण उघडणं. यावर मी बोलत नाही.

हजारो बारक्या फायली वाचणारं पॅकेज इन्स्टॉल चालवून "जीव्हायझर स्लो आहे" म्हणणं. सिस्टिम कॉल जितके जास्त तितका भुर्दंड. नुसतं गणित करणाऱ्या प्रोग्रामला फरक जेमतेम जाणवतो. मोजायचं तर आपलं खरं काम मोजा.

पॅच पाठवणाऱ्यांना

काम सतत चालू असतं, नवे हात हवेच आहेत. पण एखादा सिस्टिम कॉल जीव्हायझरमध्ये नाही म्हणून तो होस्टकडे सरळ ढकलू नका. सेंट्रीवर स्वतःचाच सेककॉम्पचा (कोणते सिस्टिम कॉल चालतील ते ठरवणारा) फिल्टर आहे. यादीबाहेरचा कॉल केला की अख्खा सँडबॉक्स मरतो, आणि तेच बरोबर आहे.

त्याहून वाईट म्हणजे काहीच न करता शून्य परत देणं, म्हणजे प्रोग्राम गप्प बसतो. चुकीचा एरर कोड केवढ्याला पडतो ते 2021 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. जीलिबसी 2.34 (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) ने थ्रेड बनवण्यासाठी क्लोन3 हा नवा सिस्टिम कॉल वापरायला सुरुवात केली. 'ईनोसिस' (असा कॉलच नाही) मिळालं तर ती जुन्या क्लोनवर उतरते, पण डॉकरचा सेककॉम्प प्रोफाइल 'ईपर्म' (परवानगी नाही) देत होता. नव्या इमेजमध्ये साधा थ्रेडही बनेना. डॉकरच्या 20.10.10 आवृत्तीत तो कोड बदलला तेव्हा गाडी रुळावर आली. नाही तर नाही म्हणा, ईनोसिस द्या.

एवढं करूनही अडलात तर डीबग लॉग चालू करा. लॉगच्या फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ विसरू नका, ती नसली तर रनएससी त्याला फोल्डर न मानता फाइल समजतं. काम झालं की एसट्रेस (सिस्टिम कॉलची नोंद) बंद करा, तो प्रॉडक्शनवर चालू ठेवणारेही मी पाहिलेत. मग मला तीन गोष्टी पाठवा: रनएससीची आवृत्ती (नावातच तारीख असते, वर्षभर जुनी असेल तर आधी नवी टाका), प्लॅटफॉर्म कोणता ते, आणि पूर्ण लॉग. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.