जुनी मसल कार घेताना अस्सलपणा आणि किंमत ठरवण्यातल्या या चुका टाळा

१९६४ ते १९७२ या काळात डेट्रॉइटच्या कंपन्यांनी साध्या, मध्यम आकाराच्या गाड्यांत मोठी व्ही-८ इंजिने बसवून ज्या मसल कार विकल्या, त्यांची मुख्य अडचण अशी आहे की महागडे मॉडेल आणि स्वस्त मॉडेल यांचा सांगाडा एकच असतो. त्यामुळे शेव्हरोलेची १९७० सालची, ३०७ घनइंच इंजिनाची साधी शेव्हेल मालिबू एका हिवाळ्यात एसएस ४५४, म्हणजे ४५४ घनइंच इंजिनाची महागडी शेव्हेल, म्हणून उभी राहू शकते. त्यासाठी बिल्ले, बॉनेटवरचे पट्टे आणि एक जुने बिग ब्लॉक, म्हणजे मोठे व्ही-८ इंजिन, एवढे पुरते. अशा गाडीला इथे क्लोन म्हणतात आणि ती क्लोन म्हणून विकली तर त्यात काहीही गैर नाही. मात्र मिशिगन-ओहायोकडच्या ज्या मराठी मंडळींना चाळिशीनंतर हा छंद लागतो, त्यांपैकी बरेच जण गाडी पसंत करून, मनातल्या मनात गॅरेजमध्ये उभीही करून, मग मला ‘जरा बघून सांगा’ असा निरोप पाठवतात.

पहिली चूक म्हणजे व्हीआयएन, ज्याला आपण चासी नंबर म्हणतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे न वाचता गाडी पाहायला जाणे. फोर्डच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन सांगते. १९६९ च्या मस्टँगवर तिथे ‘जी’ असेल तर ती बॉस ३०२ ही दुर्मीळ, वेगवान आवृत्ती असते. क्रायस्लरच्या १९७० सालच्या गाड्यांवर त्याच जागी ‘आर’ असेल तर ४२६ हेमी, म्हणजे कंपनीचे सर्वांत नावाजलेले इंजिन. पाँटियाक जीटीओचा क्रमांक १९६६ ते १९७१ या काळात २४२ ने सुरू होतो, पण १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हा केवळ ल मान्स या मॉडेलवरचा पर्याय असल्यामुळे त्या दोन वर्षांच्या क्रमांकात त्याचा पत्ताच नसतो. तिथे कारखान्याच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवावीच लागते. सर्वांत कंजूष शेव्हरोले. १९६९ च्या कॅमेरोचा क्रमांक इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढेच सांगतो. शेव्हेलचा १३८ हा एसएसचा आकडा १९६८ नंतर निरुपयोगी ठरतो, कारण १९६९ पासून एसएस हा पर्याय झाला. हा सगळा एका संध्याकाळचा अभ्यास आहे आणि ज्याला तेवढीही सवड नाही त्याने शोरूममधून नवी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे: ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिन गाडीचे मूळचेच आहे, हे दोन शब्द ऐकून आणि इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेली अक्षरे पाहून समाधान मानणे. शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनावर उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन कारखान्याचे अक्षर, महिना, दिवस आणि इंजिनाचा प्रकार ठोकलेला असतो. १९७० च्या ४५० अश्वशक्तीच्या, हाती गिअर असलेल्या एलएस६ साठी (४५४ इंजिनाची सर्वांत ताकदवान आवृत्ती) शेवटची अक्षरे ‘सीआरव्ही’ असतात. ही माहिती तुम्हाला जशी पाच मिनिटांत मिळते, तशीच ती खोटे ठसे मारणाऱ्यालाही मिळते. मशीन शॉपमध्ये ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासला की जुने ठसे पुसले जातात आणि मोकळ्या पट्टीवर हवे ते ठोकता येते. कारखान्यातल्या यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेषा मात्र त्या घासण्यात जातात, म्हणून मी ठशांच्या आधी रेषा पाहतो, तीही तिरपा टॉर्च धरून.

क्लीव्हलंडकडच्या एका परिचिताने अशीच एक लाल एलएस६ शेव्हेल ठरवली होती आणि माझ्याशी बोलण्याआधी इसाराची रक्कमही भरली होती. पट्टीवर ‘टी’ म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, तारीख, सीआरव्ही आणि गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग, सगळे ठसठशीत होते. मला ते जरा जास्तच ठसठशीत वाटले. पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती आणि रेषांचा मागमूस नव्हता, पण विक्रेत्याने ‘इंजिन उघडले होते, तेव्हा पॉलिश केले’ असे उत्तर तयार ठेवले होते. तेव्हा मी गाडीखाली शिरून ओतकामाची तारीख शोधली. ही तारीख ठोकलेली नसते, ती ओतलेल्या लोखंडातच उठावात असते, त्यामुळे ती बदलणे फार अवघड असते. महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. तिथे होते: के १८ ०. वर्ष १९७०, त्यामुळे वरवर पाहणारा खूश झाला असता. पण ‘के’ म्हणजे नोव्हेंबर, आणि बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या, पट्टीवर बांधणीचा काळ ‘०३बी’, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा, असा होता. गाडी तयार झाल्यानंतर आठ महिन्यांनी ओतलेला ब्लॉक त्या गाडीत जन्मापासून असू शकत नाही. विक्रेत्याने मग वॉरंटीत इंजिन बदलल्याचा दावा केला, परंतु वॉरंटीतल्या ब्लॉकवर शेव्हरोले ‘सीई’ अक्षरे ठोकत असे, सीआरव्ही आणि गाडीचा क्रमांक नव्हे. व्यवहार मोडला, इसार गेला तो गेलाच.

कागदांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडणारे बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचे याची कारखान्यातली यादी, हा उत्तम पुरावा आहे, पण चहात बुडवून पिवळी केलेली नवी शीट्सही बाजारात फिरतात, तेव्हा कागदावरचा प्रत्येक कोड गाडीवरच्या भागाशी ताडून पाहावा. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे फोर्डच्या उत्पादन-नोंदींवरून काढलेला अहवाल, मागवण्याचा आळस करणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

किमतीची चूक टीव्हीवरच्या लिलावांनी वाढवली आहे. १९७१ ची हेमी कुडा (प्लिमथ बाराकुडाची हेमी इंजिनाची आवृत्ती) कन्व्हर्टिबल एकूण ११ बनली आणि २०१४ साली सिएटलच्या मेकम लिलावात त्यांपैकी एकीला ३५ लाख डॉलरची बोली लागली. ती बातमी वाचून ३१८ इंजिनाच्या बाराकुडाचा मालकही आपल्या गाडीकडे नव्या नजरेने पाहू लागतो, आणि नवखा खरेदीदार ‘आता घेतली नाही तर भाव हाताबाहेर जाईल’ म्हणून धावतो. हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराला साधारण १० टक्के कमिशन वेगळे द्यावे लागते, हे त्याला बिल पाहून कळते. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या मूल्यतक्त्यात १ (सर्वोत्तम) ते ४ अशा स्थिती असतात. प्रत्येक विक्रेता आपली गाडी २ मध्ये बसवतो आणि बहुतेक गाड्या ३ मध्ये असतात. मी तक्त्यातला ३ चा आकडा धरतो, मूळ इंजिन सिद्ध होत नसेल तर ते नाहीच असे समजून त्यातून मोठी वजावट करतो, आणि विक्रेता रागावला तर रागावू देतो.

बाकीच्या चुका लहान, पण महाग आहेत. व्हिनाइल छताच्या कडांखाली बोट फिरवून फुगवटा पाहावा, कारण गंज तिथे लपतो. मागच्या चाकांच्या कमानींवर लोहचुंबक लावावे. तो चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. डॅशबोर्डवरच्या क्रमांकपट्टीच्या रिव्हेटवर खाडाखोड दिसली तर बोलणे तिथेच थांबवावे, कारण क्रमांकात फेरफार हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर ते थंड होईपर्यंत थांबावे, कारण सुरू होतानाचे दोष गरम इंजिनात लपतात. १९६९ च्या कॅमेरोचे अख्खे नवे बॉडीशेल (गाडीचा सांगाडा) विकत मिळते, म्हणजे सांगाडाही जुना असेलच असे नाही, हे तर कायम लक्षात असू द्यावे.

क्लोन घ्यायचीच असेल तर मूळ मालिबूची किंमत अधिक चांगल्या कामाचा खर्च, एवढाच हिशेब करावा, आणि विक्रीपत्रावर गाडी क्लोन असल्याचे शब्दांत लिहून घ्यावे, म्हणजे पुढे ती विकताना पुढच्या गिऱ्हाईकालाही तेच दाखवता येईल.