पावसात ट्रॅकवर उतरताय? टायरच्या या चुका टाळा

सेमी-स्लिक, म्हणजे मोजक्या खाचांचे मऊ रबराचे टायर, घालून पावसात उतरलेला आणि चिखलात जाऊन बसलेला प्रत्येक गडी परत आल्यावर एकच वाक्य बोलतो: "काल कोरड्यात काय चिकटत होते हो!" चिकटत असणारच. पण काल पाऊस नव्हता.

आपल्याकडून गाडी पळवायला रेसट्रॅकवर जाणारे बहुतेक जण दोन ठिकाणी जातात. एक चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७१७ किलोमीटरचा. दुसरा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस आवरतो, आपण छत्र्या माळ्यावर टाकतो आणि नेमका तेव्हाच तिकडे ईशान्य मोसमी सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा आपला जुलै समजा. तरी दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच, "नोव्हेंबरात कसला आलाय पाऊस?"

सेमी-स्लिकची हौस

या चुकीवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

नोव्हेंबरातली सकाळ, इरुंगट्टुकोट्टई. रात्री शिंतडून गेलं होतं, डांबर नुसतं दमट होतं. माझ्या हॅचबॅकला सेमी-स्लिक. रस्त्यावर चालणारे, कायद्याने चालणारे, बाजूला सगळे शिक्के असलेले. नवे असताना पाचेक मिलिमीटर खाच होती, तेव्हा जेमतेम तीन उरली होती. पहिल्या फेरीत गाडी झक्क चालली. फसगत इथेच होते. मऊ रबर नुसत्या दमट डांबरावर चांगलं धरतं आणि आपल्याला वाटतं, लोक उगाच घाबरवतात.

दुपारच्या सत्रात सर आली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग एकदम हलकं झालं, कोणीतरी खालून दांडाच काढून घेतल्यासारखं. आरपीएमचा काटा वर पळाला, गाडीचा वेग मात्र तेवढाच. जाणता माणूस तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलतो. मी झटक्यात उचलला. मागची बाजू पुढे आली, गाडीने दोन गिरक्या घेतल्या आणि गवतात उलट तोंड करून थांबली. ट्रॅकवर लक्ष ठेवणारा मार्शल छत्री घेऊन पळत आला. मी ठीक आहे एवढं पाहिलं आणि मग माझ्याशी बोलण्याऐवजी खाली वाकून टायरवरून अंगठा फिरवला. "सर, रेन मे ये?" एवढंच म्हणाला. तेवढ्यात शेजारून एक स्विफ्ट गेली, साधे रोजच्या वापराचे टायर, वर सामानाचं कॅरियरसुद्धा काढलेलं नव्हतं. आरामात गेली.

त्या संध्याकाळी लॉजवर बसून मी एक हिशोब केला, तो आजही नवख्यांना करायला लावतो. १८५ मिलिमीटर रुंद टायर, ट्रॅकवर दोन मिलिमीटर पाणी, वेग ताशी १०० किलोमीटर. म्हणजे गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तिन्हींचा गुणाकार केला की एका चाकाला सेकंदाला सुमारे दहा लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं. दर दोन सेकंदाला आंघोळीची एक भरलेली बादली, आणि अशी चार चाकं. काही पाणी बाजूला फेकलं जातं, बाकीच्याला खाचांतून वाट लागते. सेमी-स्लिकला खाचा मोजक्या आणि उथळ. वाट मिळाली नाही की पाणी टायरच्या पुढ्यात पाचरीसारखं घुसतं आणि टायरला उचलतं. रबर डांबराला टेकतच नाही, मग ते कितीही मऊ असो, काय उपयोग?

युरोपातले व्हिडिओ बघून टायर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडे पावसात सेमी-स्लिक चालत नाही याचं अर्धं कारण थंडी असते. सात-आठ अंशांत ते रबर गरमच होत नाही. चेन्नईचा पाऊस पंचवीस अंशांच्या आसपासचा, तिथे रबर बऱ्यापैकी मऊ राहतं. आपली अडचण पाण्याच्या खोलीची. त्यामुळे "आपल्याकडे थंडी नाही, मग चालेल" हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा तुम्हाला गवतात नेतो.

माझी पद्धत सोपी आहे. कोल्हापूरहून निघताना गाडीला चांगल्या खाचांचे साधे रोड टायर असतात, सेमी-स्लिक मागची सीट पाडून डिकीत. आकाश बघून तिथे बदलतो. एकच संच परवडत असेल तर रोड टायरच घ्या. कोरड्यात फेरीला दोन-तीन सेकंद जातील, जाऊ देत.

रोड टायर घेताना काय बघायचं? रुंद, सरळ, गोल फिरणाऱ्या तीन-चार खाचा आणि त्यांना बाजूला फुटणाऱ्या वाटा. नवा असताना सात-आठ मिलिमीटर खोली. पावसासाठी मी चार मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर वापरत नाही. "कायद्याने १.६ चालतं की!" असं म्हणणारे भेटतात. चारचाकीला कायदा तेवढंच मागतो, बरोबर. कायदा तुम्हाला सरळ पट्ट्यावर १४० ने जा म्हणत नाही. खोली मोजायचा गेज दोन प्लेट मिसळीच्या पैशांत येतो. अंगठ्याने अंदाज घेणाऱ्यांनी त्या मार्शलचा अंगठा आधी उसना घ्यावा.

हवा कमी करणारे

ही माझी दुसरी लाडकी चूक. कोरड्या ट्रॅकवर सगळे हवा कमी करूनच उतरतात, आणि ते बरोबर आहे. टायर तापतो, हवा फुगते. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. थंड असताना २८ भरली, टायर चाळीस अंशांनी तापला की ३४ मिळते.

पावसात टायर तेवढा तापत नाही, पाणी त्याला सतत गार करत असतं. २८ भरली तर ती २९-३० च्या पुढे सरकत नाही. म्हणजे तुम्ही अख्खं सत्र मऊ, दबलेल्या टायरवर काढता. मऊ टायरच्या खाचा मिटतात, मधला भाग आत दबतो आणि पाण्याला बाहेर जायची वाट उरत नाही.

कारीला आमच्या टोळक्यातल्या एकाने पाऊस बघून २४ वर हवा आणली. का? "वाळूत जीप नेताना हवा कमी करतात ना, तसंच." मी म्हटलं, वाळूत आपल्याला वर तरंगायचं असतं रे बाबा, इथे तरंगायचं नाहीये! ऐकलं नाही. तिसऱ्या वळणाआधीच त्याची गाडी सरळ गेली, ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, घसरगुंडीवरच्या पोरासारखी. कारी लहान आणि वळणावळणाचा ट्रॅक, वेग फार नव्हता म्हणून बंपरवर निभावलं.

नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून निघालेलं एक जुनं सूत्र आहे. दाबाचं वर्गमूळ घ्या, १०.३५ ने गुणा, पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३६ पीएसआयला तो येतो सुमारे १०० किलोमीटर, २४ ला ८२. मोटारीच्या खाचवाल्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लावायचे नसतात, पण दिशा कळते. हवा उतरवलीत तर तरंगण्याचा वेगही खाली उतरतो.

मी दारावरच्या स्टिकरवर जो दाब लिहिलाय त्याच्या दोन पीएसआय वर भरतो, सकाळी, गाडी सावलीत असताना, स्वतःच्या हवेच्या गेजने. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास नाही. दोन पंपांवर तोच टायर मी ३१ आणि ३५ दाखवताना पाहिलाय. प्रत्येक सत्रानंतर वहीत लिहितो. वही म्हटलं की पोरं हसतात. हसू देत.

उरलेल्या चुका

फक्त पुढचे दोन टायर नवे घालणं. "इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे पुढेच," असं टायरच्या दुकानातला पोरगाही सांगतो. पावसात पुढची चाकं पकडून ठेवतात आणि मागची सुटतात, मग वळणात पाय उचलला की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही सारखे घ्या. नसेल जमत तर जास्त खाचवाले मागे.

रुंद टायर चढवणं. १८५ च्या जागी २०५ घातला की त्याच दोन मिलिमीटरला दहाऐवजी अकरा लिटर हटवावं लागतं, आणि गाडीचं वजन तेवढंच असताना ते जास्त रुंदीवर पसरतं. कोरड्यात मिरवा. पावसात कंपनीचीच रुंदी मला बरी वाटते.

ट्रेडवेअरचा आकडा बघून पावसाची पकड ठरवणं. २०० असो की ४००, तो झिजेचा आकडा आहे. त्याच्या शेजारचं ए किंवा एए हे अक्षर ओल्यातल्या पकडीचं, पण तेही सरळ रेषेत ब्रेक मारून मोजलेलं. वळण आणि साचलेलं पाणी त्यात येत नाही.

स्वस्तात मिळालेले जुने 'न वापरलेले' टायर. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. खाचा नव्याकोऱ्या, रबर मात्र फळीसारखं कडक.

कोरे टायर तिथेच बसवून थेट उतरणं. साच्यातून निघालेल्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो शे-दोनशे किलोमीटर रस्त्यावर घासून जावा लागतो. आम्ही कोल्हापूरकर यात नशीबवान, चेन्नई येईस्तोवर टायर चांगलेच घासलेले असतात.

उलटे बसवलेले टायर. बाण कुठे आहे, 'आउटसाइड' कुठे लिहिलंय ते बघा. बाण उलटा असला की खाचा पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी मधे गोळा करतात.

आणि ट्रॅक वाळायला लागल्यावर तीच ओल्यातली गाडी कोरड्यासारखी हाणणं. रोड टायरचे खोल, उंच ठोकळे कोरड्या डांबरावर डुलतात, तापतात आणि कडांचे तुकडे उडतात. मी एक संच असाच एका दुपारी संपवलाय. आता सरळ पट्ट्यावर मुद्दाम बाजूला, जिथे अजून ओल आहे तिथून गाडी नेतो आणि चाकं गार करून घेतो. पिटमधून बघणाऱ्यांना वाटतं, ह्याला गाडी न्यायची योग्य रेषा सापडेना.